गोचिडाचा चुलतभाऊ

“मासेवाले, झिंग्याला मिशा असतात का?”

“असतात की, साहेब. चांगल्या लांब असतात.”

“नाकावर?”

“नाकावर न्हाई.”

“मंग आमच्या झिंग्यांच्या नाकावर फुटल्यात. हिनं पाह्यल्या. सकाळपासून बोट दाखवून राह्यली, मला वाटलं चहा पाहिजे.”

फोनवर रंगनाथराव होते. मूळचे धावड्याचे, पशुसंवर्धन खात्यातून रिटायर होऊन जालन्यात स्थायिक झालेले. सरकारी कागदावर ते पशुधन पर्यवेक्षक होते. पण भोकरदन तालुक्यातल्या शेळ्या-म्हशींच्या मालकांनी त्यांना आयुष्यभर ‘डॉक्टर’च म्हटलं आणि त्यांनीही कधी कुणाला अडवलं नाही.

मी मासेवाला. म्हणजे खायचे नाही, पाहायचे मासे. हे वाक्य मला अजून रोज म्हणावं लागतं, कारण दुकानात येऊन ‘मरळ कशी किलो?’ विचारणारे अजून येतात. आधी मी एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर होतो. मिल बंद पडली, आणि मी लोखंड सोडून पाण्याकडे आलो. लोकांच्या घरी, दवाखान्यांत, ऑफिसांत फिश टँक बसवायचे आणि धुवायचे, हा माझा धंदा. माझी बायको सरला म्हणते, “भट्टीसमोर होते तेव्हा घरी कोरडे तरी यायचे.”

रंगनाथरावांच्या घरचा टँक मात्र शोभेचा नव्हता. तो औषधासारखा बसवलेला होता. त्यांची बायको, गयाकाकू, लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या. उजवं अंग पूर्ण गेलेलं, बोलणं एक-दोन शब्दांपुरतं उरलेलं. काकू सारख्या डाव्या कुशीवर पडून राहायच्या, म्हणून डाव्या कमरेखाली जखम झाली होती. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर रोज सांगायच्या, यांना उजव्या कुशीवर वळवा, नाहीतर ही जखम हाडापर्यंत जाईल. पण काकू त्या बाजूला वळायलाच तयार नव्हत्या. वळवलं की रडायच्या. त्या अंगाला त्या ‘मेलं’ म्हणायच्या आणि मेल्या अंगावर झोपायची त्यांना भीती वाटायची. शिवाय त्या बाजूला होतं काय, तर भिंत.

म्हणून त्या भिंतीला टँक लावायचा, असं रंगनाथरावांनी ठरवलं. मी आधी मासे दिले होते. काकूंना ते भरभर फिरणारे मासे पाहून गरगरायला लागलं. मग मी ते परत आणून लाल झिंगे सोडले. नखाएवढे असतात. पळत नाहीत. एखाद्या पानावर बसतात आणि पुढच्या बारक्या हातांनी सारखं काहीतरी वेचून तोंडात घालतात. दिवसभर तेच. काकूंनी पहिल्या दिवशी खूप वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “निवडून राह्यले.”

बाईचा जन्म डाळी, ज्वाऱ्या निवडण्यात गेलेला. आता उजवा हात उठत नव्हता. पण समोर कुणीतरी निवडत होतं. त्या दिवसापासून काकू उजव्या कुशीवर वळवा म्हणून स्वतःहून खुणावायला लागल्या. टँकचा स्टँड मी मुद्दाम त्यांच्या उशीच्या उंचीचा करून घेतला होता. जखम भरत आली. सिस्टर मला म्हणाल्या, “काका, तुमच्या झिंग्यांनी माझं काम हलकं केलं.” एवढं कौतुक माझं मिलमध्येही कुणी केलं नव्हतं. तिथं माझ्या नावानं फक्त शिट्टी वाजायची.

तर मिशांचा फोन आल्यावर मी गेलो.

टँकला नाक लावून, मोबाईलचा टॉर्च मारून पाहिलं. झिंग्याच्या दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या टोकाशी, पांढरे धाग्यासारखे बारीक केस. आणि ते केस हलत होते. झिंगा गप्प बसला असतानाही हलत होते.

“मिशा न्हाईत, साहेब. जंत आहेत.”

रंगनाथरावांचा चेहरा असा खुलला, जणू त्यांना कुणी पुन्हा ड्युटीवर बोलावलंय.

“जंत? मंग आधी न्हाई का सांगायचं! जंत म्हणजे आपलं खातं.”

या जंताचं शास्त्रीय नाव मी एकदा पाठ केलं होतं. ते बोलताना जीभ अडखळते, म्हणून सोडून दिलं. काम त्याचं सोपं आहे. झिंग्याच्या नाकावर नाहीतर कल्ल्यांत चिकटून राहायचं. एक-दोन असले तर झिंग्याला फार फरक पडत नाही. वाढले की त्याचा श्वास कोंडतो, खाणं सुटतं आणि हळूहळू टँक रिकामा होतो. बहुतेक मी आणलेल्या नव्या झिंग्यांबरोबरच ते आले असावेत. दुसऱ्या कुणाला दोष द्यायला जागा नव्हती, मी पाहिलं शोधून.

पहिला उपाय मिठाचा. टँकचंच पाणी वाटीत घ्यायचं, त्यात खडे मीठ विरघळवायचं आणि झिंगा जाळीत धरून थोडा वेळ बुडवायचा. झिंगा ते सोसतो, जंत सोसत नाही, गळून पडतो. आम्ही दोघं त्या कामाला बसलो. मी जाळीनं झिंगा धरायचा, रंगनाथरावांनी वाटी धरायची.

“आमी शेळ्यायला औषधाच्या हौदातून काढायचो असंच,” ते म्हणाले. “गोचिडासाठी. एक बोकड मला घेऊनच हौदात पडल्ता.”

“मंग?”

“मंग काय. दोघायचेही गोचीड गेले.”

काकूंच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. त्यांचं हसणं तेवढंच उरलं होतं. रंगनाथराव तो कोपरा पाहण्यासाठी ती गोष्ट सांगत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यांनी ती परत सांगितली आणि या खेपेला बोकड दोन केले.

वाटीच्या तळाला पांढरे कण पडलेले दिसायला लागले. झिंगे स्वच्छ होऊन टँकमध्ये गेले. पण मिठानं काम संपत नाही. जंतांची अंडी झिंग्याच्या कवचाखाली असतात, तिथं मीठ पोचत नाही. झिंगा वाढला की साप टाकतो तशी कात टाकतो. त्या कातीबरोबर अंडी पाण्यात येतात, फुटतात, आणि पिल्लं परत नाकावर जाऊन बसतात. म्हणून दोन गोष्टी करायच्या होत्या. कात पडली की लगेच काढायची. आणि पाण्यात जंताचं औषध टाकायचं.

कातीवर नजर ठेवायचं काम मी काकूंना दिलं.

“काकू, पारदर्शक कवच पडलेलं दिसलं की आवाज द्यायचा. साहेब चिमट्यानं काढतील. जमल का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लकवा झाल्यापासून त्यांना कुणी काम सांगितलं नसावं. त्या म्हणाल्या, “जमल.” स्पष्ट म्हणाल्या. रंगनाथराव उगीच चष्मा पुसायला लागले.

औषधाचं मी त्यांना समजावून सांगितलं. जंताचंच औषध, फेनबेंडाझोल. पण साधं, नुसतं. ते झिंग्याला चालतं. डोस अगदी सूक्ष्म, वजनकाट्यावर मोजून.

“फेनबेंडाझोल मला सांगता?” ते म्हणाले. “धावड्याच्या कोणत्याही शेळीला विचारा माझं नाव.”

“शेळीला विचारीन, साहेब. पण झिंग्याला मी आणतो ते द्या. पावडर संभाजीनगरहून मागवतो. तवर फक्त कात काढा.”

त्यांनी मान हलवली. जावयानं सासऱ्याला ट्रॅक्टर चालवायला शिकवावं आणि सासऱ्यानं मान हलवावी, तशी हलवली.

पावडर यायला वेळ लागला. त्यात मला परतूरला मेहुण्याकडे साखरपुड्याला जायचं आलं. तिथं जेवणाच्या पंगतीत असताना रंगनाथरावांचा फोन आला.

“परत दिसून राह्यले. दोन-तीनायच्या नाकावर.”

“अंडी फुटली असतील. घाबरू नका. पावडर आली की मी येतो.”

“मी न्हाई घाबरत हो. ही घाबरून राह्यली. दिवसभर त्याच्याकडंच पाहती. जेवली न्हाई. आता तर तोंडच फिरवलं. डाव्यावर वळवून घेतलं परत.”

“साहेब, एक दिवस.”

“सिस्टर म्हणल्या, जखम ओली झाली.”

मी परत म्हणालो, एक दिवस. समोर वाढपी बुंदी घेऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होतो. सरला आदल्या संध्याकाळीच रेल्वेनं जालन्याला पुढं गेली होती, मला मेहुण्यानं ठेवून घेतलं होतं. तेवढ्यात फोन.

“मासेवाले! काम झालं! जंत गळून पडले सगळे. हिला उजव्यावर वळवलं मी, पाहून राह्यली. आन् झिंगे तर काय, नाचून राह्यलेत!”

झिंगे नाचत नाहीत. या धंद्यात इतकी वर्षं काढली, मी झिंगा नाचताना पाहिला नाही. जे पाहिलं ते वेगळं होतं.

“काय टाकलं, साहेब?”

“आपलंच. फेनबेंडाझोल.”

“नुसतं?”

“नुसतं कशाला? चांगल्यातलं टाकलं. डबल ॲक्शनचं. आतले जंतही मरतात आन् बाहेरचे गोचीडही झडतात. मी शेळ्यायला हेच द्यायचो, आजवर एक शेळी दगावली न्हाई. त्याच्यात आयव्हरमेक्टिन असतं.”

मी हातातली बॅग खाली ठेवली. मेहुण्याला वाटलं, मुक्काम वाढला.

इथं वाचणाऱ्यांना सांगायला हवं. फेनबेंडाझोल जंताला मारतं, ते ठीक. दुसरं जे औषध त्यांनी सांगितलं, ते गोचीड, उवा, असल्यांना मारतं. ज्यांना कवच असतं, सांध्यांचे पाय असतात, हाडं नसतात, त्यांच्या नसा ते लुळ्या करतं. शेळीला काही होत नाही, म्हणून ते शेळीला देतात. रंगनाथरावांनी आयुष्यभर आजारी जनावर वाचवायचं आणि गोचीड मारायचा, असं केलं. त्यांच्या दृष्टीनं झिंगा हे आजारी जनावर होतं. पण निसर्गाच्या हिशेबात झिंगा शेळीचा कुणीही लागत नाही. तो गोचिडाचा चुलतभाऊ लागतो. कवच, सांध्यांचे पाय, सगळं तेच. औषधानं आपलं काम बराबर केलं. त्याला दोघांतला फरक सांगणारं तिथं कुणी नव्हतं.

“साहेब, आता लगेच झिंगे बाहेर काढा. जुन्या पाण्यात ठेवू नका. सरला पाणी घेऊन येती.”

“पण आता तर बरे झाले ना—”

“मरून राह्यले ते.”

पलीकडून फक्त एअर पंपची घरघर ऐकू येत होती.

सरलाला फोन केला. आमच्या घरी मुरवलेल्या पाण्याचा ड्रम असतो. झिंग्यांना नळाचं ताजं पाणी चालत नाही, बोअरचं जड पाणी चालत नाही, फिल्टरचं पिण्याचं पाणीही चालत नाही. जालन्यात माणसांना मिळेल ते पाणी चालतं, झिंग्यांना नाही, म्हणून तो ड्रम. एरवी त्या ड्रमवरून सरला मला रोज ऐकवते. त्या दिवशी तिनं त्यातूनच दोन कॅन भरले आणि रिक्षात टाकून गेली.

मी मेहुण्याची मोटारसायकल घेऊन निघालो. पोचलो तेव्हा सरला काकूंच्या पलंगाशी जमिनीवर बसली होती. पुढ्यात आमचा पिठाचा डबा, त्यात स्वच्छ पाणी, तळाशी झिंगे. लाल रंग जाऊन ते दुधाळ झाले होते. काही एका अंगावर पडून, फक्त वरच्या बाजूचे पाय हलवत होते. वळायचा प्रयत्न करत होते आणि वळता येत नव्हतं.

मी औषध शोषणाऱ्या कोळशाची पिशवी टाकली, पाणी बदललं, हवा सोडली. हे सगळं करायचं असतं म्हणून केलं. औषध एकदा नसांत गेलं की पाणी बदलून ते बाहेर येत नाही, हे मला माहीत होतं. पण रंगनाथराव मागं उभे राहून पाहत होते, आणि पाहणारं कुणी असलं की माणूस काहीतरी करत राहतो. सिस्टरही ड्रेसिंग करताना कधी कधी असंच करत असाव्यात.

काकू उजव्या कुशीवरच होत्या. सकाळी बरे झालेले झिंगे पाहायला नवऱ्यानं हौसेनं वळवलं होतं, आणि नंतरच्या धांदलीत परत वळवायचं कुणाला सुचलं नव्हतं. स्वतःहून त्यांना फिरता येत नव्हतं. म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं त्यांनी पाहिलं होतं.

त्यांनी डब्याकडे पाहत एकच शब्द म्हटला.

“लकवा.”

 सरलानं डबा उचलला आणि स्वयंपाकघरात नेला.

एक मादी पोटाखाली अंडी घेऊन होती. ती मेल्यावर मी अंडी सोडवून घेतली, चहाच्या गाळणीत ठेवली आणि खालून हवेचे बुडबुडे सोडले. कधी कधी अशी अंडी फुटतात. घरी आमच्या ओट्यावर ती गाळणी लटकवली होती. सरला दुसऱ्या गाळणीतून चहा गाळायची. अंड्यांवर बुरशी धरली. मी गाळणी धुवायला गेलो तर तिनं माझ्या हातातून घेतली आणि फेकून दिली.

टँक परत वापरता येण्यासारखा नव्हता. ते औषध वाळूत, स्पंजमध्ये मुरून राहतं. मी टँक, वाळू, स्पंज सगळं उचललं. रंगनाथरावांना म्हणालो, “साहेब, नवा टँक बसवू. नवी वाळू, नवे झिंगे.”

त्यांनी काकूंना विचारलं. काकूंनी डोळे मिटले. त्यांच्या घरात डोळे मिटण्याचा अर्थ ‘नको’ असा होता.

जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा रंगनाथराव म्हणाले, “मासेवाले, मी तालुकाभर फिरलो. लोक रस्त्यात गाडी थांबवायचे. एकदाही चुकलो न्हाई.”

“शेळ्यांच्या बाबतीत न्हाईच चुकले तुमी.”

“हो,” ते म्हणाले. “ही शेळी असती तर बरं झालं असतं.”

झिंग्याबद्दल म्हणाले की काकूंबद्दल, मी विचारलं नाही.

नंतर सिस्टर मला बाजारात भेटल्या. काकू परत डाव्या कुशीवर गेल्यात, उजवीकडे वळवलं की दातओठ खातात, जखम उघडली, असं त्यांनी सांगितलं. मग मला तिकडं जायचा धीर होईना. टँकचा स्टँड आणि एअर पंप तिथंच राहिले होते. ते न आणायला मी रोज नवीन कारण शोधत होतो. शेवटी सरलाच म्हणाली, “झिंगे तुमी मारले न्हाई. पण तिकडं न गेल्यानं तसं वाटायलंय. जा.”

गेलो. दार उघडंच होतं. आत स्टँड भिंतीशी होता तसाच, पण त्यावर टँकच्या जागी परात होती. परातीत तूरडाळ. आणि भिंतीला पाठ लावून, स्टुलावर, रंगनाथराव. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान खाली. ज्यांनी आयुष्यात स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या स्वतः आणला नाही, ते डाळ निवडत होते. एक एक दाणा, दोन बोटांच्या चिमटीत.

काकू उजव्या कुशीवर होत्या. नजर परातीवर.

“हं,” काकू म्हणाल्या.

रंगनाथरावांची बोटं थांबली. “कुठं?”

“हं हं.”

त्यांनी बोट डावीकडे सरकवलं, मग खाली. “हा?”

“हं.”

त्यांनी खडा उचलून वाटीत टाकला. टण्‌ आवाज झाला. मग मला पाहिलं.

“या, मासेवाले. बसा. एक खडा सुटला तरी खपत न्हाई हिला.”

मी परातीत पाहिलं. डाळ दुकानातली, पॉलिश केलेली, पाकिटातली. अशा डाळीत खडे नसतात.

“साहेब, एवढे खडे कुठून—”

त्यांनी पटकन काकूंकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. “बाहेरून आणलेत, गिट्टीतले. धुऊन घेतले. ही झोपली की परत मिसळतो.”

काकूंना ते ऐकू गेलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांची नजर नवऱ्याच्या बोटांवरून हलली नाही. बोटं जाड होती, या कामाला न जमणारी. झिंग्यांच्या हातांसारखी तर मुळीच नव्हती.

“जखम?”

“हाय तशीच. वाढली न्हाई म्हणायचं.” थोडं थांबून म्हणाले, “दोन तास राहती या अंगावर. जास्त न्हाई. झिंगे असताना दिवसभर राहायची.”

मी थोडा वेळ बसलो.  मधूनच काकूंचा ‘हं’ आणि वाटीत खडा पडल्याचा आवाज. रंगनाथरावांची पाठ दुखत असावी, ते सारखे स्टुलावर चुळबूळ करत होते, पण उठले नाहीत. बोकडाची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. मीही काढली नाही.

हल्ली कुणी दुकानात येऊन टँकसाठी औषध मागितलं, की मी आधी त्याला टाकीत कोण कोण राहतं ते सगळं सांगायला लावतो. गिऱ्हाईक वैतागतात, म्हणतात, जंतावर चालतं का तेवढं सांगा. जंतावर सगळंच चालतं. ते आणखी कुणाकुणाला गोचीड समजणार आहे, हे आधी कळायला पाहिजे. एवढंच मी या सगळ्यातून शिकलो, आणि माझ्या वयाला ते फार नाही.

निघताना मी एअर पंप पिशवीत घातला. स्टँड तिथंच ठेवला. उशीच्या उंचीचा तेवढा एकच होता.